हळू जायचं तर पहिल्यापासून हळू

हिंगोलीकडच्या आमच्या गोरेगावहून आम्ही निघालो तेव्हा कोणी रडलं नाही. रडायला सवड नव्हती. हिंगोलीची जीप भरली की निघते, आणि बाजाराचा दिवस असल्यानं ती लवकर भरली. मी आणि माझी धाकटी मुलगी वंदना मागच्या फळीवर दाटीवाटीनं बसलो. पायाशी ज्वारीच्या पिठाचं पोतं, त्यावर स्टोव्ह, तवा माझ्या मांडीवर. वंदीची पत्र्याची पेटी टपावर बांधली होती आणि ती पडेल म्हणून वंदी सारखी मान बाहेर काढून बघत होती.

माझा भाऊ कनेरगाव नाक्याहून मुद्दाम आला होता. त्याचं तिथं रस्त्याला चहाचं हॉटेल. त्याला वंदी सून म्हणून पाहिजे होती, आणि मामाच्या घरी मुलगी देणं ही आमच्याकडची जुनी रीत. जीपची दांडी धरून तो म्हणाला, "अक्का, पोरगी लोखंडाला आटे पाडायला चालली, आन् वरणात मीठ अजून बराबर पडत न्हाई हिच्याकडून."

"मामा, लोखंडात मीठ टाकत न्हाईत," वंदी म्हणाली.

जीपभर लोक हसले. भाऊ हसला नाही. वंदीला जिथं कामाला जायचं होतं त्या कारखान्याच्या शेठनं कळवलं होतं की दसऱ्याला मशीनींची पूजा होते, तोवर मुलीचं काम बघू, मग ठेवायचं का नाही ते ठरवू. भावानंही मग दसराच धरला. "दसऱ्यापर्यंत थांबतो. नंतर मी कुणाचं ऐकून घेणार न्हाई," म्हणाला.

वंदीचे बाबा सगळ्यांच्या मागं उभे होते. बोलण्यातला माणूस नाही तो. जीप सुरू झाली तसे पुढं आले आणि म्हणाले, "जमलं तर राहा. न्हाई जमलं तर माघारी यायची लाज धरू नका. दार उघडंच हाय."

मला राग आला. "अवं, निघताना असं वंगाळ काहून बोलून राहिले?" मी म्हणाले. तोवर जीप हलली आणि माझं बोलणं धुरात गेलं. हिंगोलीहून पुण्याची एसटी धरली. औंढ्यापर्यंत मी त्यांच्यावर चिडूनच होते.

हे मी गोरेगावात राहिलेल्या बायांसाठी लिहिते, ज्या अजून विचारतात की वंदीची माय नवरा सोडून पुण्याला काहून गेली. आणि त्या बायांसाठीही, ज्या माझ्यासारख्या लेकराच्या मागं गाठोडं घेऊन गेल्या. मी चौथी शिकले. सजवून लिहिता येत नाही, आणि आलं असतं तरी लिहिलं नसतं.

वंदीनं हिंगोलीच्या आयटीआयमध्ये टर्नरचा कोर्स केला. हिंगोली तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. टर्नर म्हणजे लेथ मशीनवर लोखंड फिरवून कापणारा. वर्गात ती एकटी मुलगी. नाव घालायच्या दिवशी तिच्या बाबांनी मास्तरांना एवढंच विचारलं, "बोटं राहतील ना?" राहतील, असं कळल्यावर त्यांनी दुसरा प्रश्न विचारला नाही. कोर्स झाल्यावर त्याच मास्तरांनी भोसरीतल्या एका लहान कारखान्यात शब्द टाकला. तिथं कॉम्प्युटरवर चालणाऱ्या लेथ होत्या, सीएनसी म्हणतात त्या. पोरगी परक्या गावात एकटी कशी राहणार, म्हणून घरात बोलणं झालं. शेताकडं बघायला मोठा मुलगा आणि सून होते. बाबा म्हणाले, "मी जाऊन काय करू? मला भाकरी थापता येत न्हाई. आन् म्हशीला तू नसली तर चालतं, मी नसलो तर चालत न्हाई." म्हणजे जायचं मी. मला शहर बघायची हौस नव्हती. काम होतं म्हणून गेले.

भोसरीत आम्हाला चाळीत खोली मिळाली. भिंतीपलीकडं पत्रा ठोकायची प्रेस चालायची. तिचा ठोका पडला की मांडणीवरचे पेले हलायचे. सुरुवातीला मला त्या आवाजानं झोप लागत नव्हती. पुढं पुढं प्रेस बंद पडली की जाग यायला लागली.

आमचं बोलणं तिथं चेष्टेचा विषय होता. "पाणी येऊन राहिलं" म्हटलं की नळावरच्या बाया विचारायच्या, "येतंय का राहिलंय, एक काय ते सांगा." मी म्हणायचे, "हंडा लावा, मग कळंल." पण रॉकेल कुठं मिळतं, दळणाची गिरणी कोणती चांगली, तापाला कोणत्या डॉक्टरकडं जायचं, हे सगळं त्याच बायांनी दाखवलं. वंदीला एकदा ताप भरला तेव्हा तिघी आळीपाळीनं बसल्या होत्या. तोंडानं चेष्टा करणारं माणूस वाईट असतंच असं नाही. गोड बोलून वाईट वागणारी मी गावाकडंही पाहिलेली आहेत.

वंदी कामावरून यायची ती मशीनीच्या पाण्याचा वास घेऊन. लोखंड कापताना त्यावर तेल मिसळलेलं पांढरं पाणी सोडतात. ते जुनं झालं की आंबलेल्या ताकासारखा वास मारतं. मी तिला डबा द्यायला जायचे आणि परत जाऊन काय करायचं म्हणून फाटकाशी बसून राहायचे. एकदा शेठनं विचारलं, "मावशी, बसूनच असता, तर काम कराल का?" दुसऱ्या दिवसापासून मी माल तपासायच्या टेबलाशी बसले.

काम असं होतं. जमीन खोदायच्या मोठ्या मशीनींमध्ये तेलाचे पाइप असतात. त्या पाइपांचे जोड आमच्याकडं बनायचे. मुठीएवढा पोलादी जोड, आणि त्याला बाहेरून आटे, बरणीच्या तोंडाला झाकण फिरवायला चरी असतात तसे. आटे पाडून आलेला जोड पुसायचा, ब्रशनं कीस झाडायचा आणि त्यावर दोन कड्या फिरवून बघायच्या. एकीचं नाव गो, दुसरीचं नो-गो. गो पूर्ण फिरत आत गेलीच पाहिजे. नो-गो एखादा वेढा घेऊन अडलीच पाहिजे. गो गेली नाही तर आटे जाड राहिले, ते पुन्हा कापता येतात. नो-गो आत गेली तर आटे बारीक झाले, जास्त कापलं गेलं, त्याला काही उपाय नाही. तो माल लाल पेटीत. चांगला माल हिरव्या पेटीत. चौथी शिकलेल्या बाईला याहून सरळ काम मिळालं नसतं.

मशीन लावून द्यायला माने म्हणून सेटर होते, सांगलीकडचे. कोणतं हत्यार घ्यायचं, जोड किती जोरात फिरवायचा, हत्यार किती चालवायचं, हे ठरवून मशीनीत घालणारा तो सेटर. मग ऑपरेटर ती मशीन चालवतो. वंदी ऑपरेटर. माने बोलायला खडबडीत, पण शिकवताना त्यांनी कधी हात आखडला नाही. मुलगी म्हणून वेगळं वागवलं नाही, हे मला त्यांचं सगळ्यात आवडलं.

संध्याकाळी मी भाकरी थापायची आणि वंदी समोर बसून दिवसभराचं सांगायची, मला कळो न कळो. "माय, स्पीड म्हणजे जोड किती जोरात फिरतो ते. आन् फीड म्हणजे त्याच्या एका फेऱ्यात हत्यार किती पुढं सरकतं ते. दुसऱ्या कामात दोन्ही आपल्या हातात. आटे पाडताना फीड आपल्या हातात न्हाई. दोन आट्यांमधी जेवढं अंतर, तेवढंच एका फेऱ्यात सरकलं पाहिजे. आपण फक्त स्पीड ठरवायचा, हत्यार त्याच्या मागं आपोआप धावतं."

एवढं मला लगेच कळलं. तिफणीच्या चाड्यावर मूठ धरून मी पेरण्या केल्या आहेत. बैल जोरात निघाले की मुठीतून बी भराभर सोडायचं, बैल हळू झाले की हळू. दोन दाण्यांतलं अंतर तेवढंच राहिलं पाहिजे. मी म्हणाले, "म्हंजे बैल तुझ्या हातात, मूठ मशीनीच्या."

"बराबर," ती म्हणाली.

पण गोष्ट तेवढीच नव्हती. पुढचं मलाही माहीत नव्हतं आणि तिलाही.

लहानपणापासून मी तिला एक सांगत आले होते, शेवटचं काम हळू कर. डोक्यावरचा हंडा उतरवताना शेवटी हळू. उकडलेली हळद कढईतून काढताना शेवटी हळू, तिथंच बायांचे हात भाजतात. भाकरी तव्यावर टाकताना बोटं हळू सोड. यात चूक काही नाही. हंड्याला आणि हळदीला ते आजही लागू आहे.

दसरा जवळ आला होता. कारखान्यात नवीन पोलाद आलं आणि आट्यांवर थोडी खरखर यायला लागली. माने दुसऱ्या मशीनीवर अडकले होते. आटे एका कटात पडत नाहीत. हत्यार त्याच चरीतून पुन्हा पुन्हा जातं, दर वेळी थोडं खोल. वंदीच्या मशीनीवर एक गोल बटण होतं, ते फिरवलं की चालू कामात स्पीड कमी-जास्त व्हायचा. नव्या मशीनींवर म्हणे आटे पाडताना ते बटण चालतच नाही, पण ही मशीन जुनी, कुणीतरी वापरून विकलेली. वंदीला वाटलं, शेवटचा कट हळू घेतला तर गुळगुळीत येईल. शेवटचा कट आला की ती बटण मागं घ्यायची, दुसरा जोड लावला की पुन्हा पुढं. आटे दिसायला सुंदर आले. तिच्याजवळ फक्त गो कडी होती, ती झरझर आत जायची. पोरगी खूश. सकाळभर तिनं तसेच जोड काढले.

जेवायच्या आधी तो ट्रे माझ्याकडं आला. पहिल्या जोडावर गो गेली. नो-गो लावली, तीही गेली. मला वाटलं कडीच बिघडली. कालच्या चांगल्या जोडावर लावून पाहिली, तिथं ती बरोबर अडली. म्हणजे कडी ठीक होती. दुसरा जोड घेतला, तिसरा घेतला, सगळ्यांवर नो-गो आत. उजेडात धरून पाहिलं तर प्रत्येक आट्याची एक बाजू चकचकीत आणि दुसरी मळकट.

माझ्या शेजारी शालन बसायची, कारखान्यातली जुनी बाई. तिनं बघितलं आणि हलक्या आवाजात म्हणाली, "मावशी, लेकीचा माल आहे. दसरा तोंडावर आलाय. टाका हिरव्या पेटीत, पुढं कोण बघतंय?"

"पुढं पाइप फुटंल तेव्हा त्याच्याखाली उभा असलेला माणूस बघंल की," मी म्हणाले आणि जोड लाल पेटीत टाकला. मग दुसरा. यात थोरपणा काही नव्हता. नो-गो गेली तर लाल पेटी, एवढंच मला शिकवलं होतं. पण टाकताना मला ती जीप दिसत होती आणि दांडी धरून उभा असलेला भाऊ.

लाल पेटी भरलेली बघून शेठ आले. "कुठल्या मशीनीचा माल?" त्यांनी विचारलं. मी वंदीकडं बघितलंही नाही. सांगायचं तर तिनं सांगावं.

ती हात पुसत आली. "माझा हाय. समदा माझाच."

"टूल तुटलं होतं का? का पोलादच खराब आलंय?" शेठ म्हणाले. त्यांनी बिचाऱ्यांनी वाट करून दिली होती. हो म्हणाली असती तर सुटली असती.

तेवढ्यात माने आले. त्यांनी जोड उजेडात फिरवून बघितला. "कशाला हात लावलास?"

"बटणाला. शेवटच्या कटाला स्पीड कमी केला, सर."

"का?"

"माय म्हणती, शेवटचं काम हळू करावं."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. शालननं तोंडाला पदर लावला. माने म्हणाले, "मावशी, हे कॉलेज तुमचं व्हय!"

"मी हंड्याचं सांगितलं होतं, मशीनीचं न्हाई," मी म्हणाले.

मान्यांनी तो जोड वंदीच्या हातात दिला. "बघ पोरी. हत्यार त्याच चरीतून पुन्हा पुन्हा जातंय. स्पीड बदललास की त्याची चरीत उतरायची जागा केसभर सरकती. मग ते चरीतनं जात न्हाई, चरीची भिंत कापत जातं. कोळपताना बैल जरा कलला तर काय हुतं?"

"कपाशी कापल्या जाती."

"तेच केलंयस तू. हळू जायचं हुतं तर पहिल्यापासून हळू जायचं. एकदा काम धरलं की मधी गती बदलायची न्हाई."

शेठ म्हणाले, "माने, तिला आईशेजारी टेबलावर बसवा. मशीन दुसऱ्या कुणाला द्या."

तेव्हा माने जे बोलले ते मी विसरले नाही. म्हणाले, "शेठ, माल वाया गेला की 'आपोआप झालं' म्हणणारी पोरं मी लई बघितली. काय लपवलंय तेच कळत न्हाई, तर शिकवू काय? हिनं कुठं हात लावला ते सांगितलं. हिला शिकवता येतं. माझ्या जबाबदारीवर राहू द्या."

शेठनी लाल पेटीकडं पुन्हा एकदा बघितलं. मग म्हणाले, "दसऱ्याच्या आधी लांब जोडाचं नवीन काम येतंय. ते तिनं स्वतः लावायचं. स्पीड तिनं ठरवायचा, तुम्ही सांगायचं नाही. जमलं तर मशीन, नाही तर टेबल."

टेबलाशी मी होतेच. त्यासाठी दोघींनी गाव सोडायची गरज नव्हती. टेबल म्हणजे कनेरगाव नाका, मामाचं घर, हे आम्हा दोघींनाही कळत होतं.

त्या संध्याकाळी मी तिला विचारलं, "शेठ टुलाचं नाव घेऊन राहिला होता. व्हय म्हणायचं होतंस. भ्याली न्हाईस?"

"कशाला भ्यावं? काढलं असतं तर गोरेगावला गेलो असतो. बाबांनी सांगितलंय की, लाज धरू नका म्हणून."

मी भाकरी उलटवली. ज्या बोलण्यावर मी औंढ्यापर्यंत चिडले होते, ते पोरीनं जपून ठेवलं होतं आणि वेळेला काढलं होतं. जी पोरं लपवतात त्यांच्यामागं कदाचित दार लागलेलं असतं. मला हे आधी सुचलं नव्हतं.

लांब जोडाचं काम आलं. माने मुद्दाम फाटकाशी चहा पीत उभे राहिले. वंदीनं पोलाद कोणतं ते बघितलं, जोड किती जाड, मशीनीनं त्याला किती धरलाय, हत्याराच्या डबीवर काय छापलंय ते बघितलं. डबीवर होता त्याच्यापेक्षा तिनं स्पीड कमी धरला, कारण जोड लांब होता आणि जोरात फिरवला की टोक थरथरायचं. फीड आट्याच्या अंतराएवढा, त्यात विचार करायला काही नव्हतं. मशीन सुरू केली आणि दोन्ही हात पाठीमागं धरून उभी राहिली, बटणाकडं जाऊ नयेत म्हणून. शेवटचा कट आला तेव्हा तिचे खांदे वर गेलेले मला टेबलावरून दिसले. पण हात मागंच राहिले.

तो जोड मीच तपासला. गो गेली. नो-गो एका वेढ्यावर अडली. मी पुन्हा लावून पाहिली, पुन्हा अडली. मी जोड हिरव्या पेटीत टाकला. शेठनी बघितलं आणि आत गेले. मान्यांनी चहाचा दुसरा कप मागवला.

दसऱ्याला कारखान्यात झेंडूच्या माळा लागल्या. आम्ही जयभीमवाले, पूजा करत नाही. वंदीनं तिची मशीन पुसून लख्ख केली, तेवढंच. शेठनी तिला पेढा दिला आणि म्हणाले, "आता वेळेवर येत जा." ती रोजच वेळेवर यायची. त्यांना ठेवली म्हणायचं होतं, ते तसं म्हणाले. मी एसटीडीवरून भावाला फोन केला. वंदीला ठेवून घेतलं म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "मीठ तरी बराबर पडून राहिलं का आता?"

"न्हाई. मीठ मीच टाकते."

तेव्हा मात्र तो हसला. त्याच्या मुलाला पुढं चांगली बायको मिळाली, आणि लग्नात त्यानं वंदीला पहिल्या पंगतीत बसवलं. मनात काही ठेवलं नाही, हे त्याचेही उपकारच.

पुढच्या उन्हाळ्यात वंदीचे बाबा भोसरीला आले. प्रेसच्या ठोक्यानं त्यांना झोप लागेना, आणि म्हशीची काळजी सुरू झाली. जायच्या आधी कारखाना बघायला आले. वंदीनं त्यांच्या हातात एक नवा कोरा जोड दिला. त्यांनी तो फिरवून बघितला आणि परत दिला. "हा कामाचा हाय. वाया गेलेला असंल तर दे."

नवीन पोरांना दाखवायला मान्यांनी त्या दिवशीचा वाया गेलेला एक जोड खणात ठेवला होता, एक बाजू चकचकीत, एक मळकट. तो त्यांनी काढून दिला. "न्या पाव्हणं. पोरं नवीन करत्यातच."

त्याला आता बरीच वर्षं झाली. माने नोकरी संपवून गावी गेले, वंदी स्वतः सेटर झाली, पुढं लग्न करून तिथंच राहिली. तिच्या हाताखाली आता आमच्याच भागातली पोरं-पोरी येतात, एक मुलगी तर सेनगावजवळच्या तांड्यावरची आहे. माल वाया गेला की वंदी आधी विचारते, कशाला हात लावलास. माझी नजर कमी झाली, कड्या फिरवायचं काम सुटलं. पण एखादी बरणी उघडताना झाकण कसं फिरतंय ते बोटांना अजून कळतं.

भोसरीत माझी चूल आहे, रेशनकार्ड आहे, नळावरच्या बाया आहेत. त्यातल्या दोघी आता "येऊन राहिलंय" म्हणतात. मी कुणी विचारलं तर घर भोसरीत आहे असंच सांगते. नवरा सोडून आले असं ज्यांना वाटतं त्यांना वाटू द्या. मला नवऱ्यानं धाडलं होतं. आम्ही माघारी गेलो नाही, कारण जाता येत होतं. एवढीच गोष्ट आहे, आणि तिच्यासाठी मी त्या माणसाची जन्मभर ऋणी आहे. हे त्याला तोंडावर सांगितलं नाही. सांगितलं तर तो उठून म्हशीकडं जाईल.

परवा गोरेगावला गेले होते. आमचं पुढचं दार पत्र्याचं, वारं सुटलं की धाडकन लागतं. ते लागू नये म्हणून त्याच्या बुडाशी तो जोड ठेवलेला असतो. तेव्हा नेला तसा तिथंच आहे. आता दोन्ही बाजू सारख्याच गंजल्या आहेत.

मी म्हणाले, "अवं, दगड ठेवा की तिथं. हे लोखंड गंजून राहिलं."

ते ओसरीवरूनच म्हणाले, "दगड सरकतो. ह्याला आटे हायेत, जमीन धरून बसतं."